त्रीतचा रेनिए आणि त्याचा मुलगा: ब्रुज ते आसेनोव्हग्राद, आठ दिवस

२३ फेब्रुवारी १२०० रोजी, राखेच्या बुधवारी, ब्रुजमध्ये कुणाकुणी क्रॉस घेतला, म्हणजे धर्मयुद्धाला जायची शपथ घेतली, याची यादी व्हिलआर्दुआँच्या इतिवृत्तात आहे. हा गृहस्थ स्वतः त्या मोहिमेत, म्हणजे चौथ्या क्रूसेडमध्ये, होता. पहिलं नाव फ्लँडर्सचा काउंट बाल्डविन याचं. मग त्याची बायको मारी, भाऊ हेन्री आणि मागोमाग बाल्डविनच्या पदरचे सरदार. त्या गर्दीत दोन नावं एकापाठोपाठ येतात. त्रीतचा रेनिए. त्याचा मुलगा रेनिए.

मी सत्तावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. क्रूसेडवर पाठ्यपुस्तकात जेमतेम पानभर मजकूर असायचा, त्यात पोप आणि राजे. त्यांच्यामागे घरदार सोडून निघालेल्यांचं पुढे काय झालं, हे कुठल्याच धड्यात नसे. निवृत्तीनंतर चौथ्या क्रूसेडवर निवांत वाचायला घेतलं आणि या बाप-लेकाची गोष्ट हाती लागली. त्या रात्री मला झोप आली नाही. भाचा गेंटला नोकरीला आहे. त्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "मावशी, त्रीत इथून सव्वा तासावर आहे. तू ये फक्त." वाट तिथूनच आखायला घेतली आणि रेनिए जिथपर्यंत पोचला तिथपर्यंत नेली.

ज्यांना ही मोहीम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निघाले होते इजिप्तमार्गे जेरुसलेमला. व्हेनिसशी ३३,५०० माणसांना नेण्याचा ८५,००० मार्कांचा करार झाला. प्रत्यक्षात त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच माणसं जमली आणि बाल्डविननं घरची सोन्याचांदीची भांडी मोडायला दिली तरी ३४,००० मार्क कमीच पडले. त्या कर्जाच्या ओझ्याखाली हे लोक आधी झारावर, म्हणजे आजच्या झादारवर, चालून गेले आणि मग कॉन्स्टँटिनोपलवर, म्हणजे आजच्या इस्तंबूलवर. दोन्ही शहरं ख्रिस्ती. १२०४ मध्ये बाल्डविन कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट झाला आणि वर्षभराच्या आत एड्रियानोपलच्या लढाईत बल्गेरियाच्या कालोयान राजाच्या हाती सापडला. जेरुसलेम त्यानं पाहिलंच नाही.

दिवस पहिला, २९ एप्रिल: ब्रुज

सकाळी भुरभुर पाऊस. गेंटहून रेल्वेनं अर्ध्या तासात ब्रुज आलं. सगळे पर्यटक घंटाघराच्या चौकाकडे वळतात, आम्ही आधी बुर्ख नावाच्या चौकात गेलो. फ्लँडर्सच्या काउंटांचा गढीवाडा इथे होता. चौकाच्या एका बाजूला झाडं आहेत आणि बाकी मोकळी जागा. तिथे संत डोनाशियनचं मोठं चर्च उभं होतं. २ मार्च ११२७ रोजी काउंट चार्ल्स द गुड याचा प्रार्थना करताना तिथेच खून झाला. फ्रेंच राजवटीत, अठरावं शतक संपता संपता, चर्च पाडायला काढलं. बाल्डविनच्या माणसांनी हा चौक पाहिला असणार, पण त्यांनी पाहिलेल्या भिंतींपैकी जवळपास काहीच उरलेलं नाही.

उरलंय ते कोपऱ्यात. पवित्र रक्ताच्या बॅसिलिकेचं खालचं चॅपल बाराव्या शतकातलं आहे. जाड बुटके खांब, आत अंधार, दगडाला ओल सुटलेली. बाहेरच्या पावसाचा आवाजही आत येत नव्हता. इथे मी बराच वेळ बसले. डोळे सरावल्यावर खांबांवरचे छिन्नीचे घाव दिसायला लागले.

वरच्या चॅपलमध्ये काचेच्या नळीत येशूच्या रक्ताचा डाग असलेलं कापड ठेवलेलं आहे. परंपरा सांगते की काउंट थिएरीनं ते दुसऱ्या क्रूसेडनंतर, ११५० मध्ये, जेरुसलेमहून आणलं. पण कागदोपत्री पहिला उल्लेख १२५६ चा आहे, आणि आतली स्फटिकाची कुपी बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलकडच्या, बनावटीची, बहुधा अत्तराची आहे. म्हणून बरेच इतिहासकार मानतात की ती १२०४ च्या लुटीतून, बाल्डविनच्या माणसांकडून इथे आली. मलाही तेच पटतं. दर्शनाची रांग छोटी होती. माझ्यापुढच्या आजींनी काचेवर हात टेकवला आणि डोळे मिटले. मागे उभ्या असलेल्या सेवेकरी बाईंनी हलकेच कापडानं काच पुसली आणि मला पुढे यायची खूण केली. वस्तू कुठून आली यावर मी वाद घालू शकते, पण त्या आजींच्या मिटल्या डोळ्यांवर नाही. मीही हात जोडले.

शाकाहाऱ्यांसाठी महत्त्वाचं: बेल्जियममध्ये बटाट्याचे फ्राइज दोनदा तळतात आणि पारंपरिक पद्धतीत ते बैलाच्या चरबीत तळतात. टपरीवर विचारल्याशिवाय घेऊ नका. वनस्पती तेलात तळणारी दुकानंही आहेत, भाच्यानं एक शोधून काढलं. भरपूर मेयोनीज घालून पावसात उभं राहून खाल्ले. ईस्टरनंतर एकोणचाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, पवित्र रक्ताची मोठी मिरवणूक निघते. तारखा जुळत असतील तर ती गाठा, आमची हुकली.

दिवस दुसरा, ३० एप्रिल: त्रीत आणि लील

भाच्यानं सुट्टी काढली होती. गाडीनं सीमा कधी ओलांडली ते कळलंही नाही. व्हॅलेन्सिएन हे बाल्डविनचं जन्मगाव, तिथे कॉफी घेतली आणि लगेच निघालो, कारण माझं मन पुढच्या गावात होतं.

त्रीत-सँ-लेजे हे व्हॅलेन्सिएनला खेटून असलेलं गाव. पर्यटनाच्या पुस्तकात ते सापडणार नाही. विटांची एकसारखी घरं, पोलाद कारखान्याच्या शेड आणि मधून एस्को नदी. ती आता काठ बांधून कालव्यासारखी सरळ केलेली आहे. भंगार लोखंडानं भरलेला एक लांबलचक बार्ज इतक्या संथपणे चालला होता की काठावरून चालणारी बाई त्याच्या पुढे निघून गेली. बार्जच्या मागच्या टोकाला दोरीवर कपडे वाळत होते आणि लहान मुलाची सायकल आडवी पडली होती.

काठावर एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसले होते. भाच्यानं फ्रेंचमध्ये विचारपूस केली. चाळीस वर्षं पोलादात काम केलं, म्हणाले, वडीलही तिथेच होते. भारतातून बाई इथे कशाला आल्या, हे त्यांना काही केल्या उलगडेना. मी रेनिएचं सांगितलं. इथला एक सरदार, आठशे वर्षांपूर्वी मुलाला घेऊन निघाला आणि बल्गेरियातल्या एका डोंगरी किल्ल्यात तेरा महिने कोंडून राहिला. त्यांनी गळ बाजूला ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "मुलाचं काय झालं?" भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. निघताना म्हणाले, ही नदी पुढे गेंटला जाते. भाचा म्हणाला, हो, आमच्याच गावात येते.

दुपारनंतर लील. आम्हाला पाहायचा होता ओस्पिस कोंतेस, १२३७ मध्ये बाल्डविनच्या मुलीनं, जोआननं, गरीब आजाऱ्यांसाठी बांधलेला दवाखाना. आता तिथे संग्रहालय आहे. लांबलचक दालनाचं छत उलट्या नावेसारखं लाकडी. आई-बाप दोघंही क्रूसेडवर गेले तेव्हा जोआन दोन-चार वर्षांची होती. बाल्डविन निघाला तेव्हा मारी गरोदर होती, म्हणून मागे थांबली. दुसरी मुलगी मार्गारेट झाल्यावर तीही निघाली, पण मार्सेयवरून थेट जेरुसलेमकडच्या अक्का बंदराला, कारण नवरा तिथेच भेटेल असं तिला वाटत होतं. अक्काला उतरल्यावर कळलं की तो कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट झालाय आणि आपण सम्राज्ञी झालो आहोत. तिकडे निघण्याआधीच साथीच्या तापानं, ऑगस्ट १२०४ मध्ये, ती गेली. नवरा-बायकोची भेट झालीच नाही. दोन मुली फ्लँडर्समध्ये अनाथ झाल्या.

फ्लँडर्सचं स्वतंत्र आरमारही असंच चुकलं. ब्रुजचा किल्लेदार जाँ द नेल त्याचा प्रमुख. जिब्राल्टरला वळसा घालून ते मार्सेयला हिवाळ्यात थांबले आणि मग सरळ सीरियाला गेले. म्हणजे ज्यांनी आपल्या काउंटची साथ सोडली असं म्हणता येईल, तेच ठरल्या जागी पोचले.

आणि याच लीलमध्ये १२२५ साली एका माणसाला फाशी दिलं. तो जंगलात राहणारा बैरागी. मीच बाल्डविन, कैदेतून सुटून आलो, असं म्हणायचा. व्हॅलेन्सिएन आणि लीलच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. फ्रान्सच्या राजानं त्याला विचारलं, तुला सरदारकीची दीक्षा कुठे मिळाली, लग्न कुठे झालं? त्याला सांगता आलं नाही. आपल्याला पानिपतानंतरचा तोतया सदाशिवरावभाऊ माहीत आहे, त्यामुळे ही गोष्ट परकी वाटत नाही. लढाईतून माणसं परत येत नाहीत आणि प्रेतही दिसत नाही, तेव्हा मागे राहिलेल्यांना विश्वास ठेवायला कुणीतरी हवं असतं.

लीलला गेलात तर व्हॅनिला भरलेलं पातळ वॉफल खा. ब्रुजच्या जाडजूड वॉफलशी त्याचं काही नातं नाही, ते आपल्या पुरणपोळीच्या जवळचं आहे. संग्रहालय मंगळवारी बंद असतं.

दिवस तिसरा, १ मे: इस्तंबूलकडे

विमानाचा दिवस. व्हिसाचं एकच सांगते. शेंगेन व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच घ्या, कारण तुर्कस्तानात गेलं की शेंगेनच्या बाहेर पडता आणि बल्गेरियात पुन्हा आत येता. चालू शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. १ मेला इस्तंबूलमध्ये तक्सिमच्या आसपास रस्ते आणि मेट्रो बंद असतात, त्यामुळे आम्ही राहायची जागा गोल्डन हॉर्न या खाडीच्या जुन्या बाजूला घेतली होती. भाचा माझ्यासोबत इथपर्यंतच येणार होता, पुढे मी एकटी.

दिवस चौथा, २ मे: इस्तंबूल

सकाळी आयवानसराय ते जिबाली पायी. गोल्डन हॉर्नच्या काठची तटबंदी इथे तुकड्यातुकड्यांत उभी आहे. कुठे तिला टेकून गॅरेज आहे, कुठे अंजिराचं झाड भिंतीतूनच फुटलंय. जुलै १२०३ मध्ये हल्ल्याची आघाडी बाल्डविनकडे दिली, कारण सगळ्यांत जास्त धनुर्धारी आणि क्रॉसबो चालवणारे त्याच्याकडे होते. त्रीतसारख्या गावांतून आलेली ही माणसं.

१२ एप्रिल १२०४ ची गोष्ट मी भाच्याला भिंतीपाशी उभं राहून सांगितली. तीन दिवस आधीचा हल्ला फसला होता. या दिवशी उत्तरेचा वारा सुटला आणि दोन जहाजं एकमेकांना बांधून बुरुजाला भिडवली. एकाचं नाव 'यात्रेकरू', दुसऱ्याचं 'स्वर्ग'. त्यांच्या शिडीवरून पहिली माणसं बुरुजावर उतरली. समोर पाण्यावर फेरी बोटी चालल्या होत्या, वारा तोच उत्तरेकडचा, आणि काठावरच्या एर्गुवानच्या झाडांना गुलाबी-जांभळा बहर होता. फांदीवर पान नाही, नुसती फुलं.

एका चहावाल्यानं आम्हाला बसायला छोटे स्टूल दिले. भारतातून आलो म्हटल्यावर त्यानं हृदयावर हात ठेवला आणि दुसऱ्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

मग त्या लोकांनी काय केलं, तेही सांगायला हवं. आधीच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्यातल्या काहींनी शहरातल्या मशिदीवर हल्ला केला. निकेतास खोनियातेस हा तेव्हा शहरातच राहणारा ग्रीक इतिहासकार त्यांत फ्लँडर्सच्या लोकांचं नाव घेतो. शेजारचे ग्रीक मुसलमानांच्या मदतीला धावले. हल्लेखोरांनी लावलेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला. आणि १२०४ च्या एप्रिलात तीन दिवस लूट. हागिया सोफिया या मुख्य चर्चमध्ये खेचरं आणली आणि चांदी ओरबाडून त्यांच्यावर लादली. मला रेनिएबद्दल वाटणारी कणव इथे अडखळली. तो या शहरात होता. ज्यांची घरं जळली त्यांच्याबद्दल न बोलता पुढे जाणं मला शक्य नव्हतं, म्हणून आम्ही दुपारी हागिया सोफियात गेलो तेव्हा पहिला अर्धा तास मी गप्प बसून काढला.

ती आता मशीद आहे आणि शुक्रवार होता, त्यामुळे नमाज संपून अडीचनंतर पर्यटकांना सोडलं. तुम्ही शुक्रवार टाळलात तर बरं. परदेशी पर्यटकांना आता फक्त वरच्या सज्जात जाता येतं, तिकीट २५ युरो, बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यायची. १६ मे १२०४ रोजी बाल्डविनला याच घुमटाखाली मुकुट घातला. सज्जातल्या फरशीत व्हेनिसच्या दोजचं, म्हणजे तिथल्या सत्ताधीशाचं, एन्रिको दांदोलोचं, नाव कोरलेली पाटी आहे. ती एकोणिसाव्या शतकात बसवली. तिच्यासमोरच भिंतीवर येशूचं ते प्रसिद्ध मोझाइक. अर्ध्याहून अधिक तुकडे गळून पडलेत, पण जो चेहरा उरलाय त्याच्या डोळ्यांत पाहिलं की पाऊल उचलत नाही. बाल्डविनचं नाव मात्र कुठेच नाही.

दिवस पाचवा, ३ मे: एदिर्ने

भाचा पहाटे विमानतळाकडे गेला. मी बसनं एदिर्नेला, साधारण अडीच-तीन तास. हेच जुनं एड्रियानोपल.

१४ एप्रिल १२०५. इथल्या ग्रीकांनी बंड केलं होतं, बाल्डविननं शहराला वेढा घातला होता आणि कालोयान कुमान नावाच्या भटक्या टोळ्यांचे घोडेस्वार घेऊन आला. हे स्वार जवळ येत, बाण सोडत आणि पळत. आदल्याच दिवशी हुकूम निघाला होता की कुणीही त्यांच्या मागे जायचं नाही. ब्लुआचा काउंट लुई तरी गेला, आणि त्याच्या मागोमाग बाल्डविनही. कुमान दूरवर ओढत नेऊन उलटे फिरले. लुई मारला गेला. लोकांनी त्याला परत फिरायला सांगितलं, पण सम्राटाला सोडून कसा जाऊ म्हणाला. बाल्डविन जिवंत पकडला गेला. उरलेल्यांना रात्रीच्या अंधारात व्हिलआर्दुआँ आणि आंधळ्या म्हाताऱ्या दांदोलोनं बाहेर काढलं.

मेरीच नदीच्या जुन्या पुलावर संध्याकाळी उभी राहिले. लढाई नेमकी कुठे झाली याची पाटी नाही. सपाट शेतं, पॉप्लरची झाडं, खाली तपकिरी पाणी. शाळकरी मुली पुलावर फोटो काढत होत्या. त्यांनी मलाही मध्ये ओढलं.

या लढाईनंतरची एक गोष्ट मला लढाईपेक्षा जास्त लागते. कॉन्स्टँटिनोपलच्या बंदरात पाच मोठी व्हेनिशियन जहाजं निघायला तयार होती, त्यांवर ७,००० माणसं. बाल्डविनचा सरदार कोनों द बेथ्यून आणि इतर रडत त्यांना विनवायला गेले, थांबा, देव-धर्मासाठी थांबा. त्यांनी ऐकलं नाही. पुढे रोदोस्तो बंदरात व्हिलआर्दुआँनंही तेच विनवलं, तेव्हा उद्या सांगतो म्हणाले आणि पहाटे शिडं उभारून निघून गेले. व्हिलआर्दुआँ त्यांना दोष देतो. मला देववत नाही. तीन वर्षं झाली होती घर सोडून.

एदिर्नेची ओळख म्हणजे तळलेली कलेजी, गल्लोगल्ली तोच वास. मी बदामाची बर्फी घेतली, म्हणजे बादेम एझ्मेसी, आणि पांढरं चीज. उस्मानी वास्तुकार सिनाननं बांधलेली सेलिमिये मशीद १५७५ ची, म्हणजे आपल्या गोष्टीच्या कितीतरी नंतरची, पण चुकवू नका.

दिवस सहावा, ४ मे: प्लोव्हदिव

सीमेवर बस साडेतीन तास उभी. सगळ्यांच्या बॅगा उतरवून तपासल्या. पाणी आणि खाणं हाताशी ठेवा, स्वच्छतागृहाची सोय एकदाच मिळाली. मी गेले तेव्हा बल्गेरियात लेव्हा हे चलन चालत होतं, १ जानेवारी २०२६ पासून युरो झालाय, तेवढी एक कटकट कमी.

घरमालकीणबाईंनी दार उघडलं. नाश्ता मिळेल का विचारलं तर मान आडवी हलवली. मी हिरमुसले. मग कळलं, इथे आडवी मान म्हणजे होय. सकाळी त्यांनी चीज घातलेली गरम बानित्सा, दही आणि गुलाबाचा मुरंबा पुढे ठेवला. त्या दह्याची कवडी पडते, अगदी मातीच्या मडक्यातल्या आपल्या दह्यासारखी.

प्लोव्हदिव म्हणजे फिलिपोपोलिस. बाल्डविननं रेनिएला या शहराचा ड्यूक केलं आणि तो १२० सरदार घेऊन आला. टेकड्यांवर चढून खाली पाहिलं की मारित्सा नदीचं खोरं दिसतं. हीच नदी काल एदिर्नेत मेरीच होती. फ्लँडर्सहून इतक्या लांब, भाषा न कळणाऱ्या शहरात, १२० जण.

एड्रियानोपलच्या लढाईआधीच, ग्रीकांचं बंड उसळलं तेव्हा, माणसं गळायला लागली. आधी त्याचा मुलगा रेनिए. मग भाऊ जील, पुतण्या आणि जावई. सोबत तीस सरदार घेऊन ते कॉन्स्टँटिनोपलच्या वाटेला लागले. घरचेच गेल्यावर बाकीच्यांना लाज कसली? आणखी ऐंशी जण निघून गेले. रेनिएजवळ पंधराच्या आसपास उरले. मुलगा आणि त्याच्यासोबतचे लोक वाटेत ग्रीकांच्या हाती सापडले. त्यांनी त्यांना कालोयानकडे सोपवलं आणि त्यानं सगळ्यांची डोकी उडवली. ब्रुजच्या यादीत बापाच्या पाठोपाठ लिहिलेलं ते नाव इथे संपतं.

शहरातल्या पॉलिशियन पंथाच्या लोकांनी कालोयानला शहर द्यायचं ठरवलं, तेव्हा रेनिएनं त्यांच्या वस्तीला आग लावली आणि तीन कोसांवरच्या डोंगरी किल्ल्यात जाऊन बसला. हेही त्याच माणसानं केलं. जुन्या गावातल्या गोट्यांच्या रस्त्यांवरून उतरताना ते सारखं मनात येत होतं.

दिवस सातवा, ५ मे: वेलिको तर्नोवो

आसेनोव्हग्राद प्लोव्हदिवच्या अगदी शेजारी असून मी आधी चार तास बसनं तर्नोवोला गेले. आधी बाल्डविनचा शेवट, मग रेनिएची सुटका, घडलं त्याच क्रमानं मला जायचं होतं.

यांत्रा नदीनं वेढा घातलेल्या त्सारेवेत्सच्या टेकडीवर, टोकाला, बाल्डविनचा बुरुज आहे. आजचा बुरुज १९३० मध्ये पुन्हा बांधलेला. आतून जिना चढून वर गेलं की तिन्ही बाजूंनी खोल दरी. पोपनं बाल्डविनला सोडण्याबद्दल लिहिलं, तर कालोयाननं कळवलं की तो कैदेतच वारला. कसा, ते सांगितलं नाही. वर माझ्यासोबत एक बल्गेरियन कुटुंब होतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला तिचा बाबा कालोयानबद्दल सांगत होता, आवाजात अभिमान. तिच्यासाठी ही आपल्या राजानं परकी फौज मोडून काढल्याची गोष्ट आहे. मी शिवरायांच्या मुलखातली, मला ते कळलं.

दिवस आठवा, ६ मे: आसेनोव्हग्राद

आज गेर्ग्योव्हदेन, संत जॉर्जचा सण, सरकारी सुट्टी. सकाळच्या बसनं परत प्लोव्हदिवला आणि तिथून आसेनोव्हग्रादला, जेमतेम अर्धा तास. दारांना हिरव्या डहाळ्यांचे गजरे लावलेले, घरोघरी कोकरू भाजल्याचा धूर. गावाचं जुनं नाव स्तानिमाका, व्हिलआर्दुआँचं स्तानिमाक. १९३४ मध्ये नाव बदललं. गावापासून किल्ला दोन-तीन किलोमीटर. टॅक्सी मिळते, पण मी चालत गेले, घाटाचा रस्ता नदीच्या कडेनं आहे. सणामुळे गाड्यांची रीघ होती, त्यातले पुष्कळजण पुढे बाच्कोव्हो मठाकडे चालले होते. तो १०८३ मध्ये स्थापन झालेला मठ इथून दहा किलोमीटरवर आहे. वेळ असेल तर जाच, मला जमलं नाही.

किल्ला दिसला आणि पायातलं दुखणं विसरले. रोदोपे डोंगराचा एक सुळका दरीत पुढे आलेला, त्याच्या टोकावर देवमातेचं, म्हणजे येशूच्या आईचं, दुमजली चर्च, दगड-विटांच्या आडव्या पट्ट्यांचं, आणि खाली तीन बाजूंनी कडा. सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्यांना असा गड लगेच कळतो. एकच वाट, तीही निमुळती. पंधरा माणसांनी तेरा महिने कसा धरला, ते जागेवर उभं राहिल्यावर समजतं. आणि तेरा महिने काय खाल्लं असेल, तेही. वर पाण्याची टाकी आहे. शेत नाही, झाडही फारसं नाही. त्यांनी आपले घोडे मारून खाल्ले.

तिकीट खिडकीवरच्या बाईंनी लायलॅकची फांदी बाटलीत खोचून ठेवली होती. इव्हान आसेनसाठी आलात का, विचारलं. या गडावर त्या बल्गेरियन राजानं १२३१ मध्ये शिलालेख कोरून घेतला होता, त्यावरूनच किल्ल्याला नाव. मी म्हटलं, त्याच्याआधी इथे राहिलेल्या एकासाठी. त्यांना थोडं इंग्रजी येत होतं. मी वहीत रेनिएचं नाव लिहून दाखवलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचून पाहिलं, सिरिलिकमध्ये खाली लिहिलं आणि मला वही परत दिली.

चर्चच्या मागच्या कड्यावर बसले. उत्तरेला दरीचं तोंड उघडतं आणि त्यातून प्लोव्हदिवचं मैदान दिसतं, धुरकट, हिरवं. १२०६ च्या उन्हाळ्यात याच बाजूनं एक घोडेस्वारांची तुकडी येताना आतल्या लोकांना दिसली. ग्रीक असतील असं वाटून ते धास्तावले होते. ते होते कोनों द बेथ्यून, व्हिलआर्दुआँ आणि त्यांचे साथीदार, रेनिएला सोडवायला आलेले. ओळख पटल्यावर रेनिए बाहेर आला.

त्या रात्री ते किल्ल्याखालच्या वस्तीत उतरले. आलेल्यांना बाल्डविनची बातमी हवी होती. तो कैदेत मेला असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं, पण कुणाचा विश्वास बसत नव्हता. वर्षभर हेन्री भावाच्या जागी नुसता कारभारी म्हणून बसला होता. रेनिएनं त्यांना सांगितलं की सम्राट खरोखर वारला. आणि त्याचं त्यांनी खरं मानलं. २० ऑगस्टला हेन्रीला मुकुट घातला. ज्याला घरच्यांनी सोडलं, त्या म्हाताऱ्या सरदाराच्या शब्दावर एका साम्राज्याचा सम्राट बदलला.

पाच वाजता बाई गेट लावायला आल्या. उतरताना त्यांनी लायलॅकची ती फांदी माझ्या हातात दिली. खालच्या थांब्यावर बसची वाट बघत भाच्याला किल्ल्याचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं: "नदीवरच्या त्या आजोबांना दाखवून येऊ का, मावशी?" मी लिहिलं, नक्की जा.